बाटलीवर नाव न्हाई

अणशी, १४ नोव्हेंबर २०२४

अक्का,

पत्राच्या वर काय काय लिवायचं असतं ते सातवीत शिकवल्यालं. मी विसरले. शाळा सोडून चार वर्सं झाली, तवा चुका काढत बसू नकोस. फाडायचं असंल तर फाड, पर आदी वाच.

तुजा पत्ता मंगल मावशीनं दिला. ती आता आपल्या वाडीची आशा कार्यकर्ती झालीया. खानापूरच्या बाजारात तू दिसलीस म्हणली. जाडी झालीस म्हणली. आयला सांगितलं, तर आय चुलीकडं तोंड करून हसली.

फोन का केला न्हाई म्हणशील. फोन अप्पांच्या खिशात असतो आणि रेंज टेकडीवर. आणि मला फोनवर बोलाय येत न्हाई, तुला म्हाईत हाय. तू हॅलो हॅलो करत ऱ्हाशील आणि मी नुसता श्वास घेत ऱ्हाईन.

तर ऐक. माज्या मानेला डाव्या बाजूला गाठ आली. उन्हाळ्यात आली. आदी शेंगदाण्याएवढी, मंग सुपारीएवढी. दुकत न्हाई. दुकत न्हाई म्हणून कोण मनावर घेईना. रोज सांजचा ताप येतो, आंग खाजतं, सकाळी उठले की झंपर घामानं पिळून काढावा असा. दवाखान्यात टीबी म्हणले आणि गोळ्या चालू केल्या. मंगल मावशी गोळ्या आणती आणि समोर उभी ऱ्हाऊन गिळाय लावती. लघवी पार कुंकवाच्या पाण्यागत लाल झाली. गाठ तेवढीच.

मंग गणपतीची चवथ झाल्यावर अप्पा मला बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. तितं एक गाठ कापून काढली, तपासाय. तेचा रिपोर्ट आजून न्हाई. दवाखान्यानं हरवला. मोठा दवाखाना, हजार माणसं, कुठं तरी गेला असंल.

मी यशवंत अण्णाच्या सोसायटीतल्या काट्यावर वजन करते, जिथं तांदळाची पोती मोजतात. जूनला चव्वेचाळीस किलो व्हते. आता एकोणचाळीस. यशवंत अण्णा म्हणतो, "फुला, पुढच्या म्हयन्यात तुला पिशवीत घालून मोजतो." मावशी मातूर हसत न्हाई. ती म्हणती, गोळ्यांनी वजन वाढाय पायजे गं, तुजं उतरतंय कसं?

म्हणून लिवते. तुज्याकडनं बेळगाव तासभर. तू जाऊन, आमच्या फुलाचा रिपोर्ट कुठं हाय म्हणून भांडशील काय? तुला भांडाय येतं. मला येत न्हाई. मी तितं गेले की पायाच्या बोटांकडं बघत ऱ्हाते.

बस खानापूरला धा मिनिटं थांबती. मी दोन डाव खिडकीतनं बघितलं. तू न्हवतीस. अप्पा दुसऱ्या बाजूला बघत बसले व्हते.

फुला


अणशी, ३ डिसेंबर

अक्का,

पाकीट मिळालं. पोस्टमन आला तवा मीच दारात व्हते म्हणून बरं. आत कोरे कागद आणि निळं पेन. चिठ्ठी न्हाई. मी पाकीट उलटं करून झाडलं, आयनं बी झाडलं.

लई इचार केला. पुढं लिव म्हणतीस, का मला तुज्याशी बोलायचं न्हाई म्हणतीस, का आदी खरं लिव म्हणतीस? मी तिसरं धरून चालते.

रिपोर्ट दवाखान्यानं हरवला न्हाई. मी तुला खोटं लिवलं.

गाठ कापली तवा ती एका झाकणाच्या बाटलीत घातली. अंगठ्यापेक्षा जराशी मोठी बाटली. आत नाकाला झोंबणारं पाणी. अप्पांच्या हातात दिली आणि म्हणले, समोरच्या लॅबमधी नेऊन द्या, आठ दिसांनी रिपोर्ट घेऊन या. तितं असंच करतात, घरच्या माणसानंच न्यायचं. अप्पांना कन्नड चांगलं येतं, तेनी नीट ऐकलं, मान हलवली.

सांजच्या बसमधी तेंच्या शर्टाचा वरचा खिसा फुगलेला व्हता. अप्पा तितं तंबाखू ठेवत न्हाईत.

दुसऱ्या दिशी सकाळी मी न्हाणीपाशी चूळ भरत व्हते, तर अप्पा न्हाणीच्या मागं कुदळ घेऊन. जिथं आपल्या दोघींच्या नाळा पुरल्यात तितं. मला बघून म्हणले, "माणसाचं कापलेलं परक्या मुलखात टाकून येत न्हाईत. आपल्या वळखीच्या मातीत असू दे. गाठ निगाली, संपलं." बाटलीसकट पुरली आणि वर कणंगाच्या कंदाचा येल लावला.

तुला आता वाटंल मी वरडले असंन. न्हाई अक्का. मला बरं वाटलं. जावळ काय, दात काय, आपण कुठं कुणाला देतो? मी बी म्हणले, संपलं.

मंग टाके काढाय गेलो. डॉक्टरांनी इचारलं, रिपोर्ट काय आला? आणि अप्पांनी सांगितलं, "आला सायेब. टीबीच हाय."

"कागद कुठं?"

"घरी ऱ्हायला."

मागं ही लांब लाईन. डॉक्टरांनी लिवलं, टीबीच्या गोळ्या चालू ठेवा. मी अप्पांच्या बाजूला उभी व्हते. माज्याच मानेचं बोलणं चाललं व्हतं आणि मी भिंतीवरच्या पालीकडं बघत व्हते.

अप्पा वाईट न्हाईत. कान्हू काकाचं तेनी बघितलंय ना. काकाचा रिपोर्ट आला, रोगाचं नाव कळलं, आणि तीन म्हयन्यात काका गेला. अप्पांच्या डोक्यात ते पक्कं बसलंय, की नाव कागदावर आलं की ते मागनं घरी येतं. नावच नको म्हणून कागदच नको.

आता कापल्या जागंच्या खाली दुसऱ्या दोन आल्यात. एक गळपट्टीच्या हाडावर. झंपराच्या गळ्याला पिन लावते, आयला दिसू नये म्हणून. आयला दिसलंय.

आणि खरं लिवायचं तर आजून एक. तू गेलीस त्या दिशी जाताना मला सांगितलंस, अप्पांना एवढंच सांग, मी माज्या मर्जीनं चाललीया, मला गुरुदासनं पळवलं न्हाई. एवढं एकच वाक्य. सांजचं अप्पांनी मला इचारलं, "तुला काय म्हाईत हाय?" मी मान हलवली, न्हाई म्हणून. आठ दिसांनी वाडीवरच्या माणसांनी गुरुदास भावजींना रामनगरात गाठून मारलं. तेंचा हात मोडला, पोटापाण्याची जीप बी गेली. त्या एका वाक्यानं ते वाचलं असतं. दोन वर्सं मी ते वाक्य रोज मनात म्हणते. आता त्याचा काय उपेग.

तू कोरे कागद धाडलेस ते बराबर केलंस.

फुला


अणशी, २८ डिसेंबर

अक्का,

तुज्या कागदातला एक मी डॉक्टरांना दिला. कसं ते सांगते.

मंगल मावशीला सगळं सांगितलं. म्हंजी तोंडानं न्हाई, तुज्यागत तिला बी लिवून दिलं. तिनं वाचलं आणि कपाळाला हात लावला. "अगं, मी तुला सात म्हयनं टीबीच्या गोळ्या गिळाय लावतीया! माज्या वहीत रोज टिक्का मारतीया!" अप्पा चार दिस रानात जंगल खात्याच्या कामावर गेले व्हते. आम्ही दोघी गुरवारी पयल्या बसनं बेळगावला. खानापूरला बस थांबली. मी बघितलं. न्हाईस.

दवाखान्यात खिडकीवरच्या माणसानं कन्नडात इचारलं, पेशंट कोण? मावशीनं माज्याकडं बोट केलं. नाव काय? मावशीनं सांगितलं. काय हुतंय? मावशी सांगाय लागली, तर तो वैतागून म्हणला, "अकिगे बाय इल्लेनु?" तिला तोंड न्हाई काय?

सगळी लाईन हसली. माजे कान तापले. पर अक्का, खोटं काय व्हतं त्यात?

आत डॉक्टरांच्या बाजूला पाच-सा शिकणारी पोरं-पोरी उभी. डॉक्टरांनी फाइल उघडली, माज्याकडं न बघता मावशीला म्हणले, टीबी हाय, गोळ्या पुऱ्या करा, अंडी खाऊ घाला. आणि फाइल मिटली. दुसरा पेशंट स्टुलावर बसाय बी आला.

मी उठले न्हाई. माणूस माज्या मांडीवरच बसतोय का काय असं झालं. मी कागद टेबलावर ठेवला. डॉक्टरांना मराठी वाचाय येईना. तेनी तो नर्सबाईंना दिला. सुमंगलाबाई तेंचं नाव, निपाणीकडच्या. त्या म्हणल्या, "काय गं हे, डॉक्टरांना प्रेमपत्र लिवलंस काय?" पोरी खुसखुसल्या. आणि बाई मोठ्यानं वाचाय लागल्या, वाचतील तसं कन्नडात सांगतील.

मी असं लिवलं व्हतं, "सायेब, मला बोलाय येत न्हाई म्हणून लिवून आणलंय. जूनला माजं वजन चव्वेचाळीस, ऑगस्टला बेचाळीस, नोव्हेंबरला एकोणचाळीस, काल साडेसदतीस. सात म्हयनं एक बी गोळी चुकवली न्हाई, मंगल मावशीच्या वहीत हाय. ताप रोज सांजचा पाच ते आठ. कापल्यावर दोन नव्या गाठी आल्या, चवथीनंतर. तुमच्या फाइलीत रिपोर्ट टीबीचा असं लिवलंय ते खरं न्हाई. रिपोर्ट झालाच न्हाई. बाटली लॅबला गेली न्हाई. ती आमच्या न्हाणीच्या मागं पुरलीया. मी तवा हितंच उभी व्हते आणि गप ऱ्हायले, ती चूक माजी बी हाय. मला नीट तपासा."

"पुरलीया" म्हणल्यावर सुमंगलाबाई थांबल्या. परत वाचलं. एक पोरगं फिस्स करून हसलं.

डॉक्टरांनी त्याच्याकडं बघितलं. "हसतोस काय? हा प्रश्न आपण कुणीतरी इचाराय पायजे व्हता. कागद कुठं म्हणल्यावर घरी म्हणले, आणि आपण सही ठोकली." मंग माज्याकडं वळले. खरंच माज्याकडं, डोळ्यांत. सुमंगलाबाई मधी व्हत्या, पर ते माज्याशीच बोलले.

"झाकण उघडलं व्हतं काय?"

मी मान हलवली.

"मानेनं नको. तोंडानं."

"न्हाई, सर. बाटलीसकट पुरली."

तेनी मान चाचपली, काखा बघितल्या, पोट दाबलं. सगळ्या पोरांना दाखवलं. इंग्रजीत लई बोलले. मंग मावशीला म्हणले, "हिच्या घरचं कोण आलंय? मोठं माणूस पाठवा, बोलायचंय."

अक्का, मला त्यावेळी काय झालं कळलं न्हाई. पर आवाज आला. चिरका, पर आला. "मान माजी हाय, सर. मला सांगा."

तेनी चष्मा काढला. "मला गाठींच्या कॅन्सरची शंका हाय," म्हणले. "शंका. खातरी न्हाई. शंकेवर मला औषध देता येत न्हाई. तुकडा तपासल्याबिगर एक सुई बी टोचता येत न्हाई."

मावशीनं माजा हात घट्ट धरला. मला वाटलं व्हतं नाव ऐकलं की मी पडंन. पडले न्हाई. भिंतीवर ती पाल न्हवती, तेवढं बघितलं.

मी इचारलं, मंग आता काय करायचं? ते म्हणले, बाटलीतलं पाणी मांस टिकवायचंच असतं. झाकण पक्कं असंल आणि पाणी ऱ्हायलं असंल तर आजून बी तपासता येईल. पाणी सुकलं असंल तर परत कापायचं. आणि परत कापायला तू अठराची न्हाईस, बापाची सही लागंल. लवकर कर, वाट बघू नको.

बापाची सही. टाके काढून येताना अप्पा बसमधी काय म्हणले व्हते म्हाईत हाय? "आता परत सुरी लावू देणार न्हाई. मेलो तरी सही करणार न्हाई."

म्हंजी बाटलीच. आणि अप्पा काल रानातनं आले. रोज सकाळ-सांज न्हाणीमागं जाऊन येलाला पाणी घालतात.

फुला


अणशी, ६ जानेवारी २०२५

अक्का,

आज खणलं. कुदळीनं हाताला फोड आल्यात, अक्षर लागत नसंल तर सावकाश वाच.

आठ दिस मी अप्पांना सांगाय बघत व्हते. जेवताना सांगू म्हणले, त्येंनी भात मागितला. गोठ्यात सांगू म्हणले, म्हस मधी आली. रोज एक कारण. आणि रोज हाडावरची गाठ हाताला मोठी लागाय लागली. काल भाताची टोपली उचलली तर दम लागून खाली बसले. तवा कळलं, अप्पांना सांगून मंग खणीन म्हणले तर मीच ऱ्हाणार न्हाई.

आज अप्पा शिवारात गेल्यावर कुदळ घेतली. तीन घाव घातले की बसत व्हते. चौथ्यांदा बसले तर मागनं आयचा आवाज.

"तितं न्हाई. हातभर पल्याड. फणसाच्या अंगाला."

आय दारात उभी, हाताला पीठ. चार म्हयनं ती एक शब्द बोलली न्हवती यावर. एवढं बोलून आत गेली. मी सरकले आणि खणाय लागले. कणंगं निगाली, ही एवढी मोठी. ती बाजूला ठेवली.

मंग सावली पडली. अप्पा. हातात कोयता, खांद्यावर दोरी.

"काय खणतीस?"

"कणंगं." तोंडातनं तेच आलं बघ. जन्माची सवय. मंग म्हणले, "न्हाई अप्पा. बाटली."

तेनी उपसलेल्या मातीकडं बघितलं. मी म्हणले, "बेळगावला गेलते. मावशीसंगं. डॉक्टरांना सांगितलं रिपोर्ट खोटा हाय."

"मला खोटा पाडलास."

"व्हय."

"चार लोकांत?"

"लई लोक व्हते, अप्पा. पोरं बी हसली."

अक्का, मला वाटलं आता कोयता फेकतात. तेनी दोरी खाली टाकली. "फुले, जे मातीत गेलंय ते वर काढू नको. कान्हूचं काढलं. काय झालं? नाव आलं आणि नावामागनं ते आलं."

"काकाचं आदीच आलं व्हतं, अप्पा. नाव मागनं कळलं. तेनी दोन वर्सं शर्टाखाली लपवलं व्हतं, काकी सांगती की. मी बी पिन लावून लपवते."

आणि मी पिन काढली. तेंचा हात धरला. आपण अप्पांचा हात कधी धरलाय काय गं? लाकडासारखा हाय. तो गळपट्टीच्या हाडावर ठेवला. "हे बघा. ते मातीत न्हाई. हितं हाय."

तेनी हात चटका बसल्यागत काढला. मंग परत ठेवला. सगळ्या गाठी मोजल्या, एक एक. मानेच्या मागं एक हाय ती मला बी म्हाईत न्हवती, ती तेनी काढली.

"किती दिस?"

"उन्हाळ्यापास्नं."

तेनी कोयता खाली ठेवला. मंग म्हणले, "सरक. तुज्या हातनं फुटंल." आणि कुदळ घेतली. पर कुदळ वापरली न्हाई, बाजूला ठेवली आणि हातानं माती काढाय लागले. मी म्हणले, आणि अप्पा, अक्का तिच्या मर्जीनं गेली. तिला कुणी पळवली न्हाई. तिनं मला सांगाय सांगितलं व्हतं, मी सांगितलं न्हाई.

तेंचे हात थांबले. वर बघितलं न्हाई. "आता सांगतीस," म्हणले. मंग परत खणाय लागले.

बाटली मिळाली. झाकण पक्कं. वरचा कागद, ज्याच्यावर माजं नाव आणि नंबर व्हता, तो वाळवीनं खाल्लाय, नुसता चिखल. पाणी अर्धं हाय. तुकडा बुडालाय का न्हाई ते नीट कळंना. अप्पांनी उजेडाकडं धरून बघितलं, आयनं बघितलं. आता ती देवाजवळच्या फळीवर हाय. उद्याच्या पयल्या बसनं जातो. अप्पा येतात. येतो म्हणले न्हाईत, पर धुतलेला सदरा काढून ठेवलाय.

अर्ध्या पाण्यात भागंल काय गं?

फुला


अणशी, २४ जानेवारी

अक्का,

त्या दिशी बाटली अप्पांनी खिशात ठेवली न्हाई. मीच दोन्ही हातांत धरून बसले, अणशीपास्नं बेळगावपतोर. कंडक्टर म्हणला, काय मध हाय काय? अप्पा म्हणले, "व्हय, रानातला." मला हसू आलं.

लॅबच्या खिडकीवरच्या पोरीनं बाटली फिरवून बघितली. "नाव न्हाई. नाव न्हाई तर घेता येत न्हाई. उद्या दुसऱ्याचं निगालं तर?"

ती बराबर बोलत व्हती, अक्का. तिची चूक न्हवती. पर तिनं बाटली माज्याकडं सरकवली आणि पुढच्याला बोलवलं.

मी बाटली परत आत सरकवली. "माजी हाय," म्हणले.

"तसं कोण बी म्हणंल."

मी पदर काढून मानेची खूण दाखवली. "हितनं काढलीया. अठरा सप्टेंबरला. ज्यांनी काढली ते डॉक्टर समोरच्या दवाखान्यात वरच्या मजल्यावर हायत. त्येंच्या वहीत त्या दिसाचं असंल. तेंना फोन लावा. लावल्याबिगर मी हितनं हलणार न्हाई." एवढं सगळं मी बोलले. मागचा माणूस म्हणाय लागला, ए बाई, बाजूला हो. मी न्हाई झाले. मागं वळून बी बघितलं न्हाई, बघितलं असतं तर झाले असते.

पोरगी म्हणली, पर सप्टेंबरची बाटली आज कशी? इतके दिस कुठं व्हती?

ह्याचं उत्तर माज्याकडं व्हतं. मी तोंड उघडलं, तर बाजूनं अप्पा बोलले. कन्नडात. मोठ्यानं, सगळ्या लायनीला ऐकू जाईल असं. "मी पुरली व्हती. हिचा बाप मी. नागू. भ्यालो व्हतो म्हणून पुरली. लिवून घ्या, मी सही करतो."

कोण हसलं न्हाई.

पोरीनं फोन लावला. सुमंगलाबाई खाली आल्या, ऑपरेशनची वही घेऊन. तारीख, नंबर जुळवला. डॉक्टरांनी कागदावर लिवून दिलं, अप्पांनी सही केली. डॉक्टर म्हणले, निगंल असं वचन देत न्हाई, तुकडा एका बाजूनं सुकलाय. चौदा दिस लागतील.

ते चौदा दिस कसे काढले ते लिवत न्हाई. अप्पांनी त्या जागंवर परत येल लावला न्हाई. खड्डा तसाच हाय.

ह्या मंगळवारी गेलो. रिपोर्ट आला. सुकलेली बाजू सोडून बाकीच्यातनं निगालं. कॅन्सर हाय, गाठींचा. हॉजकिन म्हणतात. टीबी न्हवताच. मी ते नाव कागदावर लिवून घेतलं, डॉक्टरांकडनं अक्षरं इचारून. अप्पा समोर बसले व्हते. नाव लिवलं तरी काय झालं न्हाई. पंखा फिरत व्हता तसाच फिरत ऱ्हायला.

तुज्या कागदावर मी प्रश्न लिवून नेले व्हते, ह्या बारीला मीच वाचले. बरं हुतंय काय? म्हणले, तुज्या वयात भौतेक पोरं बरी हुतात, पर तू उशिरा आलीस, पोटातबी गाठी हायत, म्हणून आजपास्नं एक दिस वाया घालवायचा न्हाई. किती दिस? सा म्हयनं, दर पंधरा दिसांनी सलायनमधनं औषध. केस जातील. मी इचारलं, चुकलं काय वाटलं तर कुणाला सांगायचं? सुमंगलाबाईंनी तेंचा नंबर दिला आणि म्हणल्या, "आता हिला तोंड फुटलंय, आमचं काय खरं न्हाई."

मंग फारम भरायचा व्हता. एक रकाना असा, की पेशंटजवळ कोण ऱ्हाणार, कुणाला कळवायचं. खिडकीवर तोच माणूस, बाय इल्लेनु वाला. त्यानं अप्पांना इचारलं. मी म्हणले, "मयूरी. मोठी बहीण. खानापूर." दोन वर्सांत आपल्या घरातल्या कुणाच्या तोंडातनं तुजं नाव अप्पांच्या समोर आलं न्हवतं.

माणूस म्हणला, फोन नंबर?

मला कुठं म्हाईत. मी मावशीनं दिलेला पत्ता सांगाय लागले. अप्पांनी टेबलाकडं बघत नंबर सांगितला. धा च्या धा आकडे, न अडखळता. कागद न्हाई, काय न्हाई.

तुला कधी वाजून लगेच बंद झालेला फोन आला असंल, अप्पा जोयड्याच्या बाजाराला जातात त्या दिशी, तर तो कुणाचा ते आता मला कळलंय. तुला आदीच कळलं व्हतं काय?

मी माफी मागाय लिवत न्हाई. गुरुदास भावजींची मागायची हाय, ती तोंडानं मागीन, समोर. ते नको म्हणले तर नको. मी तुज्याकडं एक मागाय लिवते. पयल्या पत्रात मी तुला म्हणले व्हते, माज्यासाटी जाऊन भांड. ते आता नको. भांडाय मी हाय. मला तू नुसती बाजूला बसाय पायजेस. ओकारी आली तर पाठीवर हात फिरवाय. आयला बस सोसत न्हाई, आणि अप्पांना सलायनची सुई बघितली की चक्कर येती. मंगळवारी दुसऱ्या पेशंटची बघून आली, तेंनाच बाकड्यावर झोपवलं.

पयलं औषध मंगळवारी, अठ्ठावीस तारखेला. सकाळची बस. खानापूरला धा मिनिटं थांबती. आम्ही तिघांच्या बाकड्यावर बसतो, अप्पा खिडकीला, मी मधी. तिसऱ्या जागंवर मी पिशवी ठेवणार. रामनगरला गर्दी चढती, कोण ना कोण म्हणणारच, पिशवी उचल, बसू दे. तवा मी मोठ्यानं सांगणार हाय, सगळ्या बसला ऐकू जाईल असं, हितं माजी अक्का बसणार हाय, खानापूरला चढती.

फुला